माळवदाच्या घराचे वायरिंग नव्याने करताना : कामाच्या नोंदी

२ मार्च : पाहणी

घर लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातील एका गावात आहे. पुढचा भाग जुना आहे : दगड-मातीच्या रुंद भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर पांढऱ्या मातीचे माळवद, म्हणजे सपाट छत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मागे स्लॅबची एक खोली आणि न्हाणीघर बांधले गेले, आणि त्याच्या पलीकडे पत्र्याचा गोठा आहे. वीज एकाच फेजवर, २३० व्होल्टची. जुन्या भागातले वायरिंग सत्तरच्या दशकातले, मागच्या खोलीतले नव्वदच्या दशकातले आणि गोठ्यातले ज्याला जेव्हा गरज पडली तेव्हाचे, असा तीन काळांचा गुंता एकाच मीटरवर चालत होता.

काम हाती घेण्याचे तातडीचे कारण कूलर होते. आई गेल्या उन्हाळ्यापासून सांगत होती, "कूलरला हात लावला की झिणझिण्या येत्यात." कूलर चालू ठेवून त्याचा पत्रा आणि ओल्या जमिनीत ठोकलेली सळई यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावला, तेव्हा ८४ व्होल्ट दिसले. टाकीतल्या छोट्या पंपाच्या वायरचे आवरण पाण्यात राहून तडकले होते. कूलरला दोन पिनांचा प्लग होता, त्यामुळे पत्र्यावर आलेल्या विजेला जमिनीत जायला माणसाच्या शरीराखेरीज दुसरा रस्ता नव्हता. पंप त्याच दिवशी बदलला. परंतु भिंतीवरच्या सॉकेटचे तिसरे भोक उघडून पाहिले तेव्हा त्यामागे अर्थिंगची वायरच नव्हती, आणि असे पुढच्या भागातील जवळजवळ प्रत्येक सॉकेटचे होते.

काम माझा मावसभाऊ बापू याच्या हाती आहे. तो परवानाधारक ठेकेदाराकडे वायरमन आहे आणि मी त्याच्या हाताखाली काम करीत आहे. घरगुती वायरिंगचे नवे काम परवानाधारक ठेकेदारामार्फतच करावे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांचा दंडक आहे. ज्यांना स्वतः काम करायचे आहे त्यांनीही आखणी, तपासणी आणि अंतिम चाचणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

५ मार्च : जुने उतरवणे

खांबावरून पुरवठा बंद करून घेतला. मीटरचे सील आणि मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर हा वीज कंपनीचा भाग असल्यामुळे तिथे हात घातला नाही. मीटरनंतरचे पुढच्या भागातले सगळे उतरवले.

जुने वायरिंग लाकडी पट्टीवर, पत्र्याच्या क्लिपांत बसवलेले होते. रबरी आवरणाची वायर क्लिपेतून सोडवून बोटांत किंचित वाकवली की आवरण तपकिरी भुग्यासारखे गळून पडे आणि आतली तार उघडी पडे. इतकी वर्षे हे चालले ते केवळ त्या वायरला कुणी हात लावला नाही म्हणून. काही ठिकाणी वाळवीने पट्टी पोखरली होती आणि वायर नुसत्या रंगाच्या थरावर लोंबत होती.

खरा धोका मुख्य बोर्डात सापडला. तिथे दोन किटकॅट फ्यूज (आत बारीक तार घालायचे जुने फ्यूज) होते, एक फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरवर, आणि एक न्यूट्रलवर, म्हणजे ती परत नेणाऱ्या वायरवर. न्यूट्रलवर फ्यूज बसवायचा नसतो, कारण तो उडाला की दिवे बंद पडतात, घरातल्या माणसाला वीज गेली असे वाटते आणि प्रत्यक्षात प्रत्येक पॉइंटपर्यंत फेज जिवंत असतो. शिवाय फेजच्या किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याच्या केबलचे पदर दुहेरी पिळून घातले होते. ते वितळण्याआधी भिंतीवरची वायर वितळली असती. असा किटकॅट गावात अनेक घरी आहे, आणि फ्यूज वारंवार उडतो ही तक्रार दूर झाली म्हणून लोक समाधानी असतात.

स्विचही तपासले. ओसरीतील दोन स्विच न्यूट्रलवर बसवलेले निघाले. स्विच बंद असताना होल्डरवर टेस्टर पेटत असेल तर हीच चूक समजावी. दिवा बदलताना धक्का बसतो तो बहुधा यामुळेच.

काम चालेल तोवर घर अंधारात ठेवता येत नव्हते. म्हणून मुख्य स्विचनंतर एक तात्पुरती लाकडी फळी करून तिच्यावर आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागली की आपोआप पडणारा, म्हणजे पुरवठा तोडणारा स्विच), एक एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि दोन सॉकेट बसवले, आणि फ्रीज व काही दिवे त्यावर चालवले. आरसीसीबी पुढे मुख्य बोर्डात वापरायचाच होता, त्यामुळे यात पैसा वाया गेला नाही.

९ मार्च : सर्किटांची आखणी

दिवे आणि पंख्यांच्या एका सर्किटवर १० पेक्षा जास्त पॉइंट आणि ८०० वॅटपेक्षा जास्त भार नसावा, आणि १६ अँपिअरचे सॉकेट एका सर्किटवर दोनपेक्षा जास्त नसावेत, हा जुना नियम आम्ही धरून चाललो. एलईडीमुळे दिव्यांचा भार आता फारच कमी झाला असला तरी पॉइंटांची मर्यादा मोडू नये, कारण दोष शोधायची वेळ येते तेव्हा लहान सर्किट फार उपयोगी पडते.

अशी वाटणी ठरली : ओसरी आणि ढेळज (दारातली देवडी) एक, माजघर एक, स्वयंपाकघराचे दिवे व लहान सॉकेट एक, स्वयंपाकघरातील मिक्सर-इस्त्रीचे सॉकेट एक, फ्रीज आणि कूलर एक, मागच्या खोलीचे एक, न्हाणीघरातील गीझर एक, गोठा आणि पाण्याची मोटर एक. पुढच्या पाच सर्किटांना एक आरसीसीबी आणि मागच्या तीन सर्किटांना दुसरा, दोन्ही ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचे, म्हणजे एवढ्या गळतीला पडणारे. बापू म्हणाला, "दादा, एकात भागतं, दुसऱ्याचा खर्च कशाला?" परंतु पावसात गोठ्यात ओल येऊन आरसीसीबी पडला तर रात्री सगळे घर अंधारात जाईल आणि मग कुणीतरी वैतागून तो काढूनच टाकील, ही भीती मला खरी वाटते. गावातल्या एका घरी मी असा बाजूला काढून ठेवलेला आरसीसीबी पाहिला आहे.

दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, सॉकेटना २.५, गीझरला ४ आणि मीटरपासून बोर्डापर्यंत ६, अशी वायर ठरली. गीझर २००० वॅटचा म्हणजे ८.७ अँपिअरचा, त्याला २.५ ची वायर पुरली असती. पण बोर्डापासून न्हाणीघर सुमारे २२ मीटर दूर आहे आणि रब्बीत शेतातल्या मोटारी सुरू असताना दाब आधीच खाली असतो, तेव्हा वायरीत आणखी घट नको होती. ४ च्या वायरीचा रोध किलोमीटरला ४.९५ ओहम धरला तर जाऊन-येऊन ४४ मीटरमध्ये घट दोन व्होल्टच्याही आत राहते.

१२ मार्च : वायरची खरेदी

वायर लातूरला गंजगोलाईच्या बाजारातून घेतली. त्याआधी जवळच्या बाजारगावातील एका दुकानातून १.५ चे एक भेंडोळे स्वस्त मिळाले म्हणून आणले होते, ते परत करावे लागले. त्याचे कारण सविस्तर लिहितो, कारण ही फसगत डोळ्यांना दिसत नाही.

१.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत बहुधा ०.३ मिलिमीटर व्यासाचे २२ पदर असतात, २.५ मध्ये ३६ आणि ४ मध्ये ५६. बापूने टोक सोलून पदर मोजले, ते बरोबर २२ भरले. तरीही वायर हाताला हलकी लागत होती. शाळेच्या प्रयोगशाळेतून स्क्रू गेज आणून एकेक पदर मोजला तेव्हा व्यास ०.२५ मिलिमीटर निघाला. फरक अवघा ०.०५ मिलिमीटरचा, परंतु क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने घटते : २२ पदरांचे मिळून १.०८ चौरस मिलिमीटर, म्हणजे तांबे एक चतुर्थांशाहून जास्त कमी. नुसते पदर मोजून समाधान मानू नये.

वायरीवर आयएस ६९४ हा मानक क्रमांक, आयएसआय चिन्ह आणि त्याखाली उत्पादकाचा परवाना क्रमांक छापलेला असावा. भारतीय मानक ब्युरोच्या केअर अॅपवर तो क्रमांक टाकून परवाना चालू आहे की नाही हे दुकानातच पाहता येते, आम्ही पाहिले. एमसीबी, आरसीसीबी, स्विच आणि सॉकेट यांच्यावरची चिन्हेही पाहून घेतली. रंग : फेजला लाल, न्यूट्रलला काळा, अर्थिंगला हिरवा. हिरवी वायर संपली म्हणून दुसऱ्या रंगाची अर्थिंगला वापरायची नाही आणि हिरवी दुसऱ्या कशालाही वापरायची नाही, असे बापूला आणि त्याच्या मदतनिसाला पहिल्याच दिवशी सांगितले.

१६ ते २५ मार्च : भिंतीवरचे काम

दगड-मातीच्या भिंतीत खाचा पाडून पाइप गाडण्याचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. सांध्यातली माती सुटली की दगड हलतो आणि १९९३ नंतर ज्या भिंतीला एकदा आधार द्यावा लागला आहे तिच्याशी असा खेळ करायचा नाही. माळवदाच्या मातीतूनही वायर नेली नाही, कारण पांढरी माती पावसात ओल धरते आणि कुठे झिरपेल ते आधी सांगता येत नाही. पुढच्या भागातले सगळे वायरिंग भिंतीच्या वरच्या कडेने आणि तुळयांच्या बाजूने उघडेच नेले.

ओसरीत केसिंग-पट्टी वापरली, कारण ती नीट दिसते आणि पुढे एखादा पॉइंट वाढवायला सोपी जाते. माजघरात धान्याच्या कणग्या असल्यामुळे उंदीर आहेत आणि केसिंगची टोपणपट्टी उंदीर कुरतडतो. तिथे २० आणि २५ मिलिमीटरचा कडक पीव्हीसी पाइप सॅडलने बसवला. पाइपात वायर कोंबून भरल्या नाहीत. पाइपाच्या आतल्या जागेचा ४० टक्क्यांपेक्षा जास्त भाग भरू नये, नाहीतर वायर ओढताना आवरण सोलते आणि पुढे उष्णताही अडते.

या टप्प्यात सर्वांत जास्त वेळ स्क्रूंनी खाल्ला. प्लॅस्टिकच्या गिट्ट्या मातीच्या सांध्यात नुसत्या फिरत राहिल्या. ओढले की स्क्रूसह बाहेर. बसवलेली एक पूर्ण रांग दुसऱ्या दिवशी सकाळी खाली लोंबत होती. मग दोन गोष्टी केल्या : जिथे दगड होता तिथे दगडातच भोक पाडले, आणि जिथे सांधा टाळता येत नव्हता तिथे माती कोरून काढून सागवानी गुल्ली सिमेंटमध्ये बसवली आणि दोन दिवस सुकू दिली. गुल्ली पाठीमागे रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी तासली म्हणजे सिमेंट सुकल्यावर ती ओढून निघत नाही.

जोड फक्त जंक्शन बॉक्समध्ये आणि तेही कनेक्टर लावून केले. पाइपाच्या पोटात टेप गुंडाळलेला एकही जोड ठेवला नाही. बहुपदरी वायरीच्या प्रत्येक टोकाला लग (पदर एकत्र धरणारी धातूची टोपी) दाबून बसवला. सुटे पदर स्क्रूखाली घातले तर काही बाहेर निसटतात, उरलेल्यांवर प्रवाह एकवटतो आणि टर्मिनल तापते. जुन्या बोर्डांतील काळी पडलेली बेकेलाइट याचीच साक्ष देत होती. मागच्या खोलीतील ॲल्युमिनियमची वायर याच कारणाने काढायची होती. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जाते, जोड सैल होतो आणि त्यावर वीज वाहू न देणारा गंज चढतो. तिथले स्लॅबमधले पाइप मात्र जुनेच राहू दिले. त्याचा परिणाम पुढे जुलैच्या नोंदीत आहे.

२८ मार्च : अर्थिंगचा खड्डा

जागा निवडताना पहिल्यांदा फसलो. बोर्डाला जवळ पडावी म्हणून पुढच्या अंगणात खणायला घेतले. वरची काळी माती कमरेइतकीही नव्हती, तिच्याखाली कडक मुरूम आणि त्याखाली कातळ. पहारीचा आवाज बदलल्यावर खड्डा बुजवला. न्हाणीच्या मोरीजवळ, भिंतीपासून दीड मीटरपेक्षा जास्त दूर, मातीचा थर खोल निघाला. तिथे ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप उभा केला. भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले. खड्डा काढायच्या आधी गावातल्या जाणत्या माणसाला विहीर खणताना कुठे माती आणि कुठे दगड लागला ते विचारले असते तर एक दिवस वाचला असता.

गावात अर्थिंग तपासायची रीत अशी : फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये बल्ब लावायचा, तो लख्ख पेटला की अर्थिंग उत्तम. ही चाचणी भरवशाची नाही. १०० वॅटच्या बल्बचा रोध ५२९ ओहम असतो. अर्थिंगचा रोध ५० ओहम इतका वाईट असला तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो पेटलेला दिसतो. दोष आल्यावर मात्र तेच अर्थिंग कामाचे राहत नाही. आम्ही भाड्याने अर्थ टेस्टर आणला, दूरचा खिळा ३० मीटरवर आणि मधला त्याच्या ६२ टक्के अंतरावर ठोकून मोजले. आकडा ६.५ ओहम आला. खड्ड्यात नुकतेच पाणी ओतलेले होते, हे त्या आकड्याबरोबरच वहीत लिहून ठेवले.

६ एप्रिल : बोर्ड चालू, आरसीसीबी पडला

आठ सर्किटांचे एमसीबी, दोन आरसीसीबी आणि एक मुख्य डबल पोल स्विच असा बोर्ड ढेळजेत बसवला. दिव्यांना ६ अँपिअरचे आणि सॉकेटना १६ अँपिअरचे एमसीबी. प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल पट्टी वेगळी ठेवली; हे न केल्यास पुढचा सगळा खटाटोप व्यर्थ आहे.

चालू केल्यावर दोन निरनिराळे दोष आले. आरसीसीबी पडला की तो खराब आहे असे मानून बदलायला जाऊ नये, म्हणून दोन्ही लिहितो.

पहिला : पुढच्या आणि मागच्या भागामधल्या बोळातील दिवा लावला की दोन्ही आरसीसीबी एकाच वेळी पडत. दोन्ही एकदम पडणे हीच खूण पुरेशी होती. त्या दिव्याचा फेज पुढच्या सर्किटचा होता आणि न्यूट्रल, जवळ पडतो म्हणून, मागच्या जंक्शन बॉक्समधून उचलला गेला होता. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. एकाचा प्रवाह दुसऱ्यातून परत आला तर दोघांचाही हिशेब चुकतो. ९ वॅटचा एलईडी बल्बसुद्धा ४० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो आणि तेवढा फरक ३० च्या यंत्राला पडायला पुरतो. न्यूट्रल पुढच्या पट्टीवरून ओढल्यावर दोष गेला.

दुसरा दोष गोठ्याचा. गोठ्यातला दिवा लावला की फक्त मागचा आरसीसीबी पडे.

८ एप्रिल : गोठ्यातला न्यूट्रल

तीनही सर्किटांचे एमसीबी खाली करून एकेक वर केले. मग गोठ्याच्या सर्किटातील मोटर सोडवली, तरी दिव्यावर पडणे थांबेना. दिव्याच्या होल्डरपासून मागे जात वायर उकलली तेव्हा उलगडा झाला. कधीतरी गोठ्याकडे जाणारा न्यूट्रल तुटला होता आणि कुणीतरी दिव्याचे दुसरे टोक पत्र्याच्या खांबाला बांधून टाकले होते. खांब जमिनीत, म्हणून दिवा लागत होता. अर्थिंगलाच न्यूट्रल करण्याची ही क्लृप्ती आमच्या भागात सर्रास चालते, कारण दिवा पेटतो आणि मीटरही फिरतो.

याचा अर्थ असा की दिवा लावलेला असताना गोठ्याचा पत्रा, खांब आणि त्याला बांधलेली दावणीची साखळी हे सगळे परतीच्या प्रवाहाच्या वाटेत होते. उन्हाळ्यात खांबाभोवतीची माती कोरडी पडली, की सगळा दाब खांबावर येतो. जनावराला याचा धोका माणसापेक्षा जास्त, कारण त्याचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून दूर असतात आणि जमिनीतील दाबाचा फरक थेट छातीतून जातो. शेजारच्या काकांनी सांगितले की आमची म्हैस काही वर्षांपूर्वी त्या खांबाजवळ बांधून घ्यायला तयारच नसे. त्या वेळी तिला हट्टी ठरवून दुसरीकडे बांधले गेले होते.

नवा तीन वायरींचा पाइप गोठ्यापर्यंत नेला, पत्रा आणि खांब हिरव्या वायरीने अर्थिंगला जोडले, बंद काचेचा दिवा बसवला. त्याच खांबाला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली होती. ती काढून नायलॉनची दोरी लावली. या सबंध कामात इतक्या कमी पैशांत इतका मोठा धोका दुसऱ्या कशानेच टळला नसेल.

१९ मे : अर्थिंग पुन्हा मोजले

हे मोजायला सांगितले तेव्हा बापूला ते अनावश्यक वाटले होते. आकडा ३१ ओहम आला.

खड्ड्यावरची माती बाजूला केली तर पाइपाभोवती बोट जाईल एवढी फट होती. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. शेतात मे महिन्यात ज्या भेगा पडतात तीच भेग इथे पाइपाच्या अंगाला लागून पडली होती आणि धातूचा मातीशी संबंधच सुटत चालला होता. पावसाळ्यात किंवा पाणी ओतून मोजलेला आकडा मराठवाड्यात धरून चालता येणार नाही. उन्हाळ्याच्या शेवटी येतो तोच खरा.

आता या आकड्याचे महत्त्व. ३१ ओहमच्या अर्थिंगवर फेज थेट पत्र्याला चिकटला तरी जास्तीत जास्त ७.४ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो साधा भारच वाटेल आणि तो कधीच पडणार नाही. पत्रा मात्र जिवंत राहील. बरे, अर्थिंग ११ ओहमपर्यंत सुधारले तरी प्रवाह २१ अँपिअरच्या आसपास. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात, आणि मानकाप्रमाणे १.४५ पट प्रवाहावरसुद्धा त्याला पडायला एक तासापर्यंत मुभा असते. २१ अँपिअर म्हणजे १.३ पट. आमच्यासारख्या जमिनीत केवळ अर्थिंग आणि एमसीबी यांच्या भरवशावर घर सुरक्षित होत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ३१ ओहमवरही सेकंदाच्या लहानशा अंशात पडतो. दोन्ही हवेत : अर्थिंग नसेल तर आरसीसीबी माणसाने हात लावल्यावर पडेल, अर्थिंग असेल तर हात लागण्याआधी.

२४ मे : दुसरा इलेक्ट्रोड

उपाय म्हणून रोज पाणी ओता असे अनेकांनी सुचवले. ज्या जिल्ह्याला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पिण्याचे पाणी अर्थिंगला ओतायचे हा उपाय मला मान्य नाही. मोरीचे सांडपाणी एका नळीने खड्ड्याकडे वळवले, ते पुरेसे आहे.

मूळ पाइपाभोवतीचा कोळसा-मीठ काढून बेंटोनाइट भिजवून भरले. तेही मातीच, पण ओल धरून ठेवते. मीठ पहिल्या पावसाळ्यात वाहून जाते आणि असेतोवर जस्ताचा मुलामा खाते, त्यामुळे पुन्हा वापरले नाही. शिवाय दुसरा तसाच पाइप पहिल्यापासून पाच मीटरवर, म्हणजे लांबीच्या दुप्पट अंतरावर पुरला. त्याहून जवळ पुरले तर दोन्ही जमिनीचा तोच भाग वापरतात आणि फायदा कमी होतो. दोन्ही जस्ताच्या पट्टीने जोडले, जोडाला बिटुमेन लावले. भर उन्हात मोजले : ११ ओहम. कातळाच्या या जमिनीत यापेक्षा खाली जायचे तर खर्च फार वाढतो, आणि आरसीसीबी असताना त्याची गरज नाही.

३ जुलै : पावसानंतर मेगर

चांगला पाऊस झाल्यावर, सगळी उपकरणे आणि एलईडी दिवे सोडवून, ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक सर्किट तपासले. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थिंगशी मोजायचे. एक मेगओहमपेक्षा कमी चालत नाही. पुढच्या भागातील नवी सर्किटे १०० च्या वर निघाली. मागची खोली ०.४ मेगओहम.

मार्चमध्ये राहू दिलेल्या स्लॅबच्या पाइपांनी इथे घात केला. जंक्शन बॉक्स उघडताच पाइपाच्या तोंडातून पाणी टपकले. स्लॅब आणि जुनी भिंत यांच्या सांध्यातून ते आत उतरत होते. नवी वायर चांगली होती, पण पाण्यात बुडालेल्या वायरीला किती काळ चांगली म्हणायचे? स्टीलची फीत घालून वायर ओढून काढायला गेलो तर एका वळणावर पाइपात सिमेंट घुसलेले आणि वायर तिथे सोललेली. ते सगळे पाइप सोडून दिले आणि त्या खोलीतही भिंतीवरून नवा पाइप नेला. मार्चमध्येच केले असते तर एक भेंडोळे वायर आणि बापूची मजुरी वाचली असती. जुन्या गाडलेल्या पाइपांवर भरवसा ठेवायचा असेल तर आधी एक पावसाळा मेगर लावून पाहावा. नव्या पाइपानंतर आकडा ८० मेगओहम.

८ जुलै : खर्च

वायर सुमारे २४,००० रुपये, त्यात मागच्या खोलीत वाया गेलेले भेंडोळे धरले आहे. बोर्ड, एमसीबी आणि दोन आरसीसीबी मिळून ८,५००. त्यातले जवळजवळ निम्मे दोन आरसीसीबींचे. पाइप, केसिंग, स्विच, सॉकेट १०,५००. अर्थिंगचे दोन पाइप, पट्टी, बेंटोनाइट, खोदाई आणि टेस्टरचे भाडे ७,०००. मजुरी १५,०००. एकूण सुमारे ६५,०००. पैसे कमी पडत असतील तर केसिंग साधे घ्यावे, मॉड्युलर स्विचऐवजी साधे बसवावेत, काही पॉइंट पुढच्या वर्षावर टाकावेत. आरसीसीबी आणि अर्थिंग मात्र पहिल्याच वर्षी करावे.

१४ जुलै : चाचणी अहवाल आणि राहिलेली कामे

ठेकेदाराने प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशनचा आकडा, अर्थिंगचा आकडा आणि सॉकेटांची जोडणी तपासून अहवाल दिला. सॉकेट समोरून पाहताना उजव्या भोकात फेज, डाव्यात न्यूट्रल, वरच्या मोठ्या भोकात अर्थिंग. एका सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे निघाले, ते त्याच वेळी बदलले. बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला सर्किटांची यादी चिकटवली आहे आणि आरसीसीबीचे चाचणीचे बटन दर महिन्याच्या एक तारखेला दाबायचे, हे आईने स्वतःकडे घेतले आहे. बोर्डातील सगळे स्क्रू दिवाळीच्या आधी एकदा पुन्हा आवळायचे आहेत, कारण नवी तांब्याची टोके पहिल्या काही महिन्यांत थोडी दबतात. मोटारीचा स्टार्टर अजून जुनाच आहे. त्याच्या पेटीला अर्थिंग जोडले आहे, परंतु झाकणाचा रबर गेला असल्यामुळे पाणी आत जाऊ शकते. नवी पेटी येईपर्यंत पावसात मोटर लावायची नाही असे ठरवले असून तिचा एमसीबी बंद ठेवला आहे.